उत्तर न मिळणे आणि उत्तर ‘नाही’ असणे : संलग्न माहितीच्या प्रश्नद्वारांची देखरेख

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या उगमापाशी, सह्याद्रीच्या ऐन धारेवर आहुपे हे गाव वसले आहे. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची. गावाची देवराई वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित. या पश्चिम पट्ट्यात हिरड्याचे वृक्ष विपुल असून कोवळी फळे वाळवून तयार होणारा बाळहिरडा हे येथील आदिवासी कुटुंबांच्या उत्पन्नाचे एक महत्त्वाचे साधन आहे. आपल्या औषधालयातील बरणीचा माग काढीत गेल्यास तो अशाच एखाद्या गावापाशी जाऊन थांबतो.

रानात वावरणारे गुराखी, मेंढपाळ व वनवासी लोक औषधींची नावे व रूपे जाणतात, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात नमूद आहे. केवळ नामरूपज्ञानाने औषधीचा प्रयोग कळत नाही, हेही आचार्यांनी तेथेच बजावून ठेवले आहे. म्हणजे एका द्रव्याचे ज्ञान एका ठिकाणी कधीच नव्हते. आज तर ते अधिकच विखुरले आहे. हिरड्याचे नामरूप आहुप्याच्या संग्राहकाजवळ, गुणकर्म निघंटूंत, रासायनिक घटक प्रयोगशाळांच्या अहवालांत, तर त्या घटकांचा शरीरातील प्रथिनांशी येणारा संबंध परदेशातील एखाद्या संगणकीय भांडारात. हे सर्व एका सूत्रात ओवण्याची जी पद्धत गेल्या दोन दशकांत विकसित झाली, तिला लिंक्ड डेटा म्हणतात. आपण तिला संलग्न माहिती म्हणू. द्रव्यगुण विषयाच्या पदव्युत्तर प्रबंधांना ती उपयोगी पडण्यासारखी आहे. म्हणूनच तिच्यातील एका मोठ्या धोक्याकडे वैद्यवर्गाचे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते.

संलग्न माहिती म्हणजे काय

महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये या पद्धतीचे नियम मांडले. प्रत्येक वस्तूला महाजालावर स्वतंत्र व स्थिर पत्ता द्यावा. त्या पत्त्यावर गेल्यास वस्तूविषयी प्रमाणित स्वरूपात माहिती मिळावी. आणि त्या माहितीतून इतर वस्तूंच्या पत्त्यांकडे जाण्याची वाट असावी. माहिती तीन पदांच्या विधानांत मांडली जाते : ‘हिरडा – कुल – कॉम्ब्रेटेसी’, ‘चेब्युलिनिक आम्ल – कोठे आढळते – हिरडा’. पहिल्या विधानाचा कर्ता दुसऱ्यात कर्म होतो आणि अशा रीतीने भांडारामागून भांडार जोडले जाते.

या भांडारांना प्रश्न विचारण्यासाठी स्पार्कल नावाची भाषा असून तिला जानेवारी २००८ मध्ये प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. ज्या पत्त्यावर कोणीही या भाषेत प्रश्न पाठवावा आणि उत्तर घ्यावे, त्याला संगणकक्षेत्रात एंडपॉइंट म्हणतात. या लेखात त्यास ‘प्रश्नद्वार’ म्हटले आहे. विकिडेटा, प्रथिनांविषयीचे युनिप्रॉट, विश्वकोशीय माहितीचे डीबीपीडिया ही ठळक उदाहरणे होत. नैसर्गिक द्रव्यांतील रासायनिक घटक कोणत्या सजीवात आढळतात, याच्या साडेसात लाखांहून अधिक नोंदी ‘लोटस’ या उपक्रमाने विकिडेटाच्या आधारे खुल्या केल्या आहेत. त्याविषयीचा निबंध २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. चिनी वैद्यकाने या वाटेवर बरेच आधी पाऊल टाकले. चिनी वनौषधी, जनुके व व्याधी यांचे परस्परसंबंध संलग्न माहितीच्या रूपात खुले करण्याविषयीचा जुन झाओ यांचा निबंध २०१० चा आहे. आपल्याकडे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेचे ‘इम्पॅट’ हे भारतीय औषधी वनस्पतींचे भांडार २०१८ मध्ये १,७४२ वनस्पती व ९,५९६ घटकांसह प्रसिद्ध झाले. दुसऱ्या आवृत्तीत वनस्पतींची संख्या ४,०१० झाली. हे काम निश्चितच अभिमानास्पद आहे.

नावांचा प्रश्न येथे सोडवला जातो असे नाही. उलट तो उघडा पडतो. भावप्रकाशातील विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती व चेतकी हे हरीतकीचे सातही भेद वनस्पतिशास्त्राच्या एकाच नावाखाली गोळा होतात. बाजारात वेगळे मोल असलेले बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा हेही त्याच नावात विरघळतात. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

गावाचे नाव आहे, गाव नाही

आहुप्याला जाणाऱ्या वाटेवरील एका गोष्टीचा येथे उल्लेख केला पाहिजे. तालुक्याचे नाव आंबेगाव. परंतु ज्या गावावरून ते पडले, ते गाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. तालुक्याचा कारभार चालतो तो घोडेगावहून. सातबाऱ्यावर, दाखल्यांवर, नकाशावर आंबेगाव हे नाव आजही आहे. परंतु त्या नावाच्या मूळ ठिकाणी जाऊन हाक मारल्यास ओ देणारे कोणी नाही. प्रश्नद्वारांचे नेमके हेच होते. सूचीत पत्ता असतो, शोधनिबंधात पत्ता असतो, अन्य भांडारे त्या पत्त्याकडे बोट दाखवीत असतात आणि त्या पत्त्यावरचा संगणक मात्र केव्हाच बंद झालेला असतो.

तो बंद आहे हे समजले तर फारसे बिघडत नाही. घात होतो तो न समजल्यामुळे. मार्च २०१३ मध्ये स्पार्कलच्या सुधारित प्रमाणाबरोबर एकाच प्रश्नातून अनेक प्रश्नद्वारांना विचारणा करण्याची सोय आली. त्यात ‘सायलेंट’ असा एक शब्द आहे. तो प्रश्नात घातल्यास ज्या द्वाराकडून उत्तर येत नाही, त्याची तक्रार न करता उरलेल्यांची उत्तरे जोडून तक्ता दिला जातो. सोय म्हणून हे ठीक आहे, कारण एक द्वार अडले म्हणून सारे काम अडत नाही. पण तक्ता वाचणाऱ्याला रिकामा रकाना दिसतो आणि तो रिकामा का आहे, हे कळण्यास कोणताही मार्ग राहत नाही.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने दहा द्रव्यांची आधुनिक औषधांशी होणारी आंतरक्रिया या पद्धतीने संकलित केली. त्यात ज्येष्ठमध आहे. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरातील पोटॅशियम घटू शकते. रुग्ण मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन घेत असेल तर ही गोष्ट प्राणावर बेतू शकते. ही नोंद ज्या भांडारात होती, त्याचे द्वार त्या दुपारी बंद होते. तक्त्यात ज्येष्ठमधापुढे काहीच आले नाही. तक्ता प्रबंधात गेला, प्रबंधावरून पुस्तिकेत गेला. वाचणाऱ्या वैद्याने अर्थ घेतला : आंतरक्रिया नाही.

येथे आपल्या शास्त्राची शिस्त आठवावी. भाट्ट मीमांसक व अद्वैती अनुपलब्धीला प्रमाण मानतात. पण कोणतीही अनुपलब्धी नव्हे, तर योग्य अनुपलब्धी. उजेड आहे, दृष्टी निर्दोष आहे, घट असता तर दिसलाच असता, तरीही तो दिसत नाही, तेव्हाच ‘भूमीवर घट नाही’ असे म्हणता येते. अंधारात न दिसलेल्या घटाविषयी काहीच सांगता येत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात असलेली वस्तूही प्रत्यक्ष न होण्याची आठ कारणे दिली आहेत : अतिसामीप्य, अतिदूरत्व, आवरण, इंद्रियांचे दौर्बल्य, मनाची अनवस्था, सारख्या वस्तूंत मिसळणे, बलवत्तर वस्तूने झाकोळणे आणि अतिसूक्ष्मता. संगणकाशी याचा ओढूनताणून संबंध जोडण्याचा हेतू नाही. तथापि यांतील चार कारणे प्रश्नद्वारांना जशीच्या तशी लागू पडतात. आपल्याच दवाखान्यातील इंटरनेट बंद असणे, हे इंद्रियदौर्बल्य. मधल्या सुरक्षाभिंतीने प्रश्न अडविणे, हे आवरण. एकाच वेळी हजारो प्रश्न कोसळल्याने आपला प्रश्न मागे पडणे, हा अभिभव. नावसाधर्म्यामुळे भलत्याच वनस्पतीची माहिती हाती येणे, हा समानाभिहार. यांपैकी काय घडले हे ठरविल्याखेरीज रिकाम्या रकान्याचा अर्थ लावू नये.

सत्तावीस महिन्यांचे निरीक्षण

द्वार उघडे आहे की नाही हे त्याच्या मालकाला विचारून कळत नाही. त्रयस्थाने नियमितपणे दार ठोठावून पाहावे लागते. असे पद्धतशीर काम कार्लोस बुइल-आरांदा, एडन होगन, युर्गेन उमब्रिख व पियेर-ईव्ह व्हांडनबुश यांनी केले. ‘डेटाहब’ या सूचीत नोंदलेली ४२७ सार्वजनिक प्रश्नद्वारे त्यांनी अभ्यासली आणि उपलब्धतेचे निरीक्षण सत्तावीस महिने चालविले. निष्कर्ष २०१३ मध्ये सिडनी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले गेले. विचारलेला प्रश्न अगदी साधा होता : तुझ्याजवळ एखादे तरी विधान आहे काय? तेही न कळल्यास दुसरी विनंती : कोणतेही एक विधान दे.

एवढ्या सोप्या प्रश्नालाही महिन्याकाठी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक वेळा उत्तर देतील अशी अपेक्षा करावी, अशी द्वारे केवळ ३२.२ टक्के निघाली. स्वतःजवळ काय आहे याचे वर्णन जेमतेम एकतृतीयांश द्वारांनी ठेवले होते. उत्तराच्या वेगात तर हजार ते दहा हजार पटींचा फरक आढळला. पुढे ही देखरेख ‘स्पार्कल्स’ या नावाने ओळखली गेली आणि तिचा सविस्तर वृत्तांत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

नव्व्याण्णव टक्के हा आकडा ऐकावयास भरभक्कम वाटतो. तीस दिवसांचे ७२० तास धरले तर त्यातील एक टक्का म्हणजे सात तास बारा मिनिटे दार बंद. पंच्याण्णव टक्के म्हणजे छत्तीस तास. आता एका प्रश्नासाठी चार द्वारे लागत असतील, प्रत्येक पंच्याण्णव टक्के उघडे असेल आणि एकाच्या बंद असण्याचा दुसऱ्याशी संबंध नसेल, तर चारही एकाच वेळी उघडी असण्याची शक्यता एक्याऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. पाचातील एक प्रयत्न अपुरा! एकेक द्वार निम्माच वेळ उघडे असेल, तर सोळातून एकदाच पूर्ण उत्तर हाती येईल. ज्या पद्धतीचे सारे सामर्थ्य जोडणीत आहे, तिचे दौर्बल्यही जोडणीतच आहे.

जपानच्या जीवविज्ञान-माहिती केंद्राने हा विचार पुढे नेला. त्यांच्या ‘यमीडेटा’ उपक्रमात, ज्याचा निबंध २०१८ चा आहे, जीवविज्ञानाच्या प्रश्नद्वारांना उपलब्धता, ताजेपणा, व्यवस्था, उपयुक्तता, प्रमाणबद्धता व कार्यगती या सहा अंगांनी गुण दिले जातात. गुणांकाचे नाव ‘उमाका’. क्युशू बेटाच्या बोलीत त्याचा अर्थ चविष्ट. पाकशास्त्राचा हा स्पर्श आमच्या मनाला फार भावला. परंतु महत्त्वाचे ते ‘ताजेपणा’ हे अंग. दार उघडे आहे पण आतील माहिती वर्षानुवर्षे तीच आहे, असेही होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातील हिरड्याच्या झाडांचे नुकसान केले. त्यापूर्वीच्या नोंदीवरून आजच्या झाडांची गणती करणे जसे व्यर्थ, तसेच हे.

उलट प्रकारही आहे. द्वार उघडे, माहिती ताजी, तरी जुन्या प्रश्नाचे उत्तर बदललेले. विकिडेटाचा पसारा हाताबाहेर जाऊ लागल्याने मे २०२५ मध्ये तिचे प्रश्नद्वार विभागण्यात आले : शोधनिबंधांविषयीची माहिती एकीकडे, उर्वरित दुसरीकडे. हिरड्यातील घटकासोबत त्याच्या आधारभूत निबंधाचे शीर्षकही मागणारा जुना प्रश्न मुख्य द्वाराला तसाच विचारला, तर घटक मिळतो, निबंधाचे शीर्षक मात्र मिळत नाही. केवळ ‘उघडे की बंद’ पाहणाऱ्या निरीक्षकाच्या वहीत या दिवसापुढेही ‘उघडे’ हीच खूण पडेल. मर्यादा अन्यही आहेत. डीबीपीडियाचे द्वार एका उत्तरात दहा हजारांहून अधिक ओळी देत नाही. विकिडेटाचे द्वार साठ सेकंदांपलीकडे एका प्रश्नावर वेळ घालवीत नाही. नेमक्या दहा हजार ओळी आल्या, तर आपल्याला आनंद न होता शंका आली पाहिजे.

द्वारे बंद का पडतात

निदान परिवर्जनासाठी ही हेतुमीमांसा आवश्यक आहे. साधे वेबपान दाखविण्यास संगणकाला ठरावीक व अल्प श्रम पडतात. प्रश्नद्वाराचे तसे नाही. अन्नछत्रात प्रत्येकाला एक ताट वाढायचे असते. येथे येणारा कोणीही सबंध पंगतीचे अन्न एकट्यासाठी मागू शकतो, आणि तेही फुकट. एखाद्याच्या निष्काळजी प्रश्नाने सारे भांडार चाळले जाते व इतरांची वाट अडते. गेन्टच्या रुबेन व्हरबर्ग व सहकाऱ्यांनी २०१४ पासून याला एक उतारा सुचविला : द्वाराने केवळ साधे तुकडे द्यावेत आणि त्यांची जुळणी विचारणाऱ्याच्या संगणकाने करावी. उपाय युक्तियुक्त आहे. मात्र त्यात वेळ अधिक जातो.

दुसरे कारण मानवी आहे. प्रकल्पाला तीन वर्षांचे अनुदान असते. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, मार्गदर्शक निवृत्त होतो, संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण कोणी करीत नाही, सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपते. भांडार कोणी मोडीत काढीत नाही. ते नुसते विसरले जाते.

आपण काय करावे

या कामास मोठा खर्च नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागाला किंवा आपल्या संघटनेच्या शाखेला साध्या संगणकावर ते चालविता येईल. आपल्या उपयोगाची दहा द्वारे निवडली आणि दर तासाला एकेक प्रश्न विचारला, तर दिवसाला २४० व वर्षाला ८७,६०० ओळींची नोंद होते. एका तक्त्यात ती सहज मावते. द्वारांवर अकारण भार पडू नये म्हणून प्रश्न हलका असावा, आणि विचारणारा कोण आहे हे प्रश्नासोबत कळवावे. तेवढा शिष्टाचार पाळलाच पाहिजे.

निरीक्षण दोन ठिकाणांहून व्हावे. एकटे घोडेगावचे केंद्र असेल आणि पावसाळ्यात तेथील जोडणी तुटली, तर सारे जग बंद पडल्याची नोंद होईल. पुण्याची वही शेजारी ठेवल्यास दोष कोणाचा ते कळेल. ‘आहेस काय’ या प्रश्नाबरोबर दिवसातून एकदा ज्याचे उत्तर आपणास निश्चित ठाऊक आहे असा प्रश्न विचारावा. उदाहरणार्थ, हिरड्याचे कुल कोणते? द्रव्यपरीक्षेत प्रमाणित नमुना शेजारी ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. ‘कॉम्ब्रेटेसी’ हे उत्तर न येता कोरी ओळ आली, तर द्वार उघडे असूनही आतून बिघडले आहे असे समजावे. उत्तरास लागलेला वेळ आणि ओळींची संख्या टिपावी. उत्तर न आल्यास कोणत्या प्रकारे आले नाही, हेही टिपावे : पत्ताच सापडला नाही, द्वाराने ‘सध्या कामात आहे’ असे कळविले, की नुसतीच शांतता. एका हुकलेल्या उत्तरावरून निष्कर्ष काढणे म्हणजे एकदा नाडी पाहून असाध्यत्व सांगणे होय. ओळीने तीन वेळा उत्तर न आल्यास मात्र दखल घ्यावी.

आणि ही नोंद वहीत पडून राहू नये. या मार्गाने मिळविलेला कोणताही तक्ता प्रबंधात वा नियतकालिकात छापताना त्याखाली किती द्वारांना विचारले, कोणत्या दिवशी व वेळी, आणि किती द्वारांनी उत्तर दिले, हे छापले जावे. रिकाम्या रकान्यात ‘नोंद नाही’ आणि ‘उत्तर नाही’ असे दोन भिन्न शब्द वापरावेत. परीक्षकांनी व संपादकांनी याविषयी आग्रह धरावा, अशी आमची स्पष्ट सूचना आहे.

आता पुन्हा आहुप्याकडे. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेच्या क्षेत्रात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. अशा नोंदवह्यांतील वनस्पतींची स्थानिक नावे, फळधारणेचा काळ, गोळा करण्याच्या रीती संलग्न माहितीत आणाव्यात, अशी कल्पना आज ना उद्या पुढे येईल. ती स्वागतार्ह आहे. पण त्याआधी गावाला विचारले पाहिजे. सर्वच ज्ञान खुले करण्यासाठी नसते. पारंपरिक ज्ञान अंकीय ग्रंथालय २००१ पासून उभे राहिले, ते दीर्घकाळ पेटंट कार्यालयांपुरतेच खुले होते, आणि त्यामागे सबळ कारण होते. समजून बंद ठेवलेले दार व दुर्लक्षाने बंद पडलेले दार यांची नोंद वेगवेगळी करावी लागेल.

गावाने संमती दिली, तर पहिल्याच बैठकीत काही गोष्टी लेखी ठरवाव्यात. अनुदान संपल्यावर द्वार कोणाच्या खर्चाने चालणार? संपूर्ण माहितीची प्रत दरवर्षी कोठे जमा होणार? युरोपातील सर्न या संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेले ‘झेनोडो’ हे खुले संग्रहालय अशा प्रती विनामूल्य सांभाळते. द्वार बंद पडले तरी तेथून माहिती उतरवून दुसरीकडे नवे द्वार उघडता येते. चुकीची दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार गावातील कोणाकडे राहणार, आणि त्याला त्यासाठी स्पार्कल शिकावे लागू नये, याची व्यवस्था काय? बाळहिरड्याची गोणी घेऊन डोंगर उतरणाऱ्यास खरेदी केंद्राचा पत्ता ठाऊक असून भागत नाही; केंद्र आज उघडे आहे का, हे त्याला निघण्यापूर्वी कळावे लागते. माहिती देणाऱ्या गावालाही आपल्या माहितीचे दार उघडे आहे की नाही, हे दर महिन्यास एका कागदावर कळविले जावे, आणि नोंदवहीची एक छापील प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात असावी.

निरीक्षणासाठी कोणती दहा द्वारे निवडावीत, याविषयी द्रव्यगुण विभागांतील अध्यापकांनी आपली मते कळवावीत. आमच्या मते विकिडेटाची दोन्ही द्वारे आणि युनिप्रॉट यांपासून आरंभ करणे सोयीचे होईल.